मृत्यूची कारणे शोधणाऱ्यांवर नजर कोणाची?

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या मातामृत्यू आढावा समितीतील सर्वच्या सर्व सदस्यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये एक पत्र मिळाले. राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी ८ तारखेला लिहिलेल्या त्या पत्राचा आशय असा होता : समितीसमोर ठेवलेली गोपनीय माहिती बाहेर फुटली आहे, ती कोणी फोडली हे चौकशीत कळू शकले नाही, म्हणून समिती तात्काळ बरखास्त करण्यात येत आहे. समितीत ३२ जण होते. बाळंतपणात किंवा त्यानंतर मरण पावलेल्या प्रत्येक स्त्रीचे कागद वाचून ‘हा मृत्यू टळला असता का?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधणे, हे त्यांचे काम. एकाने काही सांगितले असेल या संशयावरून सगळ्यांनाच घरी पाठवण्यात आले.

माहिती फुटली होती, यात शंका नाही. त्याआधी दोनच महिने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने जॉर्जियातील दोन स्त्रियांच्या मृत्यूची हकिगत छापली होती. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि पुढच्याच महिन्यात जॉर्जियात सुमारे सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी आली. पहिली स्त्री २८ वर्षांची, सहा वर्षांच्या मुलाची आई. राज्याबाहेर जाऊन तिने गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या. गर्भ पूर्ण पडला नाही, जंतुसंसर्ग झाला आणि ती रुग्णालयात आली. अशा वेळी करायचे ते क्युरेटिंग, म्हणजे गर्भपिशवी साफ करणे, ही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या रोजच्या कामातली छोटी शस्त्रक्रिया. पण नव्या कायद्यात हीच शस्त्रक्रिया मोजके अपवाद वगळता गुन्हा ठरली होती. सुमारे २० तासांनी तिला शस्त्रक्रियागृहात नेले, तिथेच ती गेली. दुसरी स्त्री ४१ वर्षांची, तीन मुलांची आई, मधुमेह आणि ल्युपसने आजारी. तिने घरीच गोळ्या घेतल्या आणि त्रास वाढला तरी कायद्याच्या भीतीने ती डॉक्टरकडे गेली नाही, असे तिच्या घरच्यांचे म्हणणे होते. समितीने दोन्ही मृत्यूंबाबत निष्कर्ष काढला होता तो एकाच शब्दाचा : टाळता येण्याजोगा.

हा शब्द लोकांपर्यंत पोहोचला तो समितीच्या अहवालातून नव्हे, बातमीतून. आणि तोही अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर, जेव्हा गर्भपात हा प्रचाराचा मोठा मुद्दा होता. या वृत्तमालिकेला २०२५ चे सार्वजनिक सेवेसाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. जॉर्जियाने पुढे नवी समिती नेमली, मात्र तिच्यावर कोण आहेत हे सांगायला आरोग्य विभाग तयार नाही.

राज्य सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. अशा समितीचे सदस्य गोपनीयतेच्या करारावर सही करतात. मृत स्त्रीचे केसपेपर, तिचे जुने आजार, तिच्या घरातली भांडणे, डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे जबाब हे सारे त्यांच्यासमोर येते ते बाहेर जाणार नाही या भरवशावर. भरवसा मोडला की पुढच्या वेळी रुग्णालय कागद देताना हात आखडता घेणार. हा युक्तिवाद खरा आहे. पण तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. ज्या कायद्यामुळे मृत्यू झाले असे समितीच्या कागदांतून दिसत होते तो कायदा राज्याचा, समिती नेमणारे राज्य, तिचा अहवाल कधी छापायचा हे ठरवणारे राज्य आणि तिला बरखास्त करणारेही तेच.

जॉर्जिया एकटे नाही. टेक्सासमध्ये मातामृत्यूंचा अहवाल सप्टेंबर २०२२ मध्ये यायचा होता. तो लांबला आणि नोव्हेंबरमधील राज्याच्या निवडणुका आटोपल्यावर, डिसेंबरात बाहेर आला. २०१९ मध्ये गरोदरपणाशी थेट संबंध असलेल्या मृत्यूंपैकी ९० टक्के टाळता आले असते, असे त्यात म्हटले होते. पुढे त्याच राज्याच्या समितीने ठरवले की २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतील मृत्यू सोडून द्यायचे आणि थेट २०२४ पासून आढावा सुरू करायचा. कारण दिले ते ‘अधिक ताज्या शिफारशी करता याव्यात’ असे. नेमकी तीच दोन वर्षे गर्भपातबंदी पूर्णपणे लागू झाल्यानंतरची पहिली वर्षे होती, हा योगायोग मानायला टेक्सासमधील अनेक डॉक्टर तयार नाहीत. आयडाहोने तर वेगळाच मार्ग धरला. तिथल्या समितीच्या कायद्याची मुदत जुलै २०२३ मध्ये संपली आणि विधिमंडळाने ती वाढवलीच नाही. काही काळ अमेरिकेत मातामृत्यूंचा आढावा घेणारी समितीच नसलेले ते एकमेव राज्य होते. वर्षभराने, ओरड झाल्यावर, ती वैद्यकीय परिषदेसारख्या मंडळाखाली पुन्हा सुरू झाली.

थोडक्यात, तीन राज्यांत तीन हत्यारे वापरली गेली. कुठे माणसे बदलली, कुठे वर्षे गाळली, कुठे मुदत संपू दिली. यातले एकही पाऊल बेकायदा नव्हते.

मग अशा समित्यांचा एवढा बाऊ कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेले असतेच की! पण ते कारण बहुतेक वेळा ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने’ अशा छापाचे असते. प्रत्येकच माणूस मरतो तेव्हा त्याचे हृदय आणि श्वास बंद पडलेला असतो. त्यातून काही शिकता येत नाही.

समजा, एका पाड्यावरची गरोदर बाई आहे. सातव्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन सात निघाले. लोहाच्या गोळ्या दिल्या. मळमळते म्हणून तिने त्या बंद केल्या, पण ते कोणाला कळले नाही कारण आरोग्यसेविकेचे पद रिकामे होते. कळा रात्री सुरू झाल्या. सासू म्हणाली, सकाळी बघू. पहाटे गाडी मिळाली, प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपण झाले, बाळ रडले. मग रक्तस्राव थांबेना. डॉक्टरने तिला उपजिल्हा रुग्णालयात रेफर केले. तिथे भूलतज्ज्ञ रजेवर. तिथून जिल्हा रुग्णालय, ६० किलोमीटर. तिथे तिच्या गटाचे रक्त मागवेपर्यंत ती संपली. दाखल्यावर लिहिले जाईल : प्रसूतिपश्चात रक्तस्राव. शास्त्रीयदृष्ट्या अचूक. पण ती मेली ते रक्तस्रावाने की रिकाम्या पदाने, की सासूच्या ‘सकाळी बघू’ने, की रजेवरच्या भूलतज्ज्ञाने? उत्तर आहे, या सगळ्यांनी मिळून. आणि यातला एक दुवा जरी तुटला असता तरी ती कदाचित वाचली असती.

सार्वजनिक आरोग्यशास्त्रात याला ‘तीन उशीर’ म्हणतात. मदत घ्यायचे ठरवण्यात झालेला उशीर, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातला उशीर आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला उशीर. थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्ये ही मांडणी केली आणि जगभरच्या आढावा समित्या आजही तिचाच धागा धरून काम करतात. ‘टाळता येण्याजोगा’ या शब्दाचा अर्थही इथूनच निघतो. कोणी गुन्हा केला असा तो अर्थ नाही. रुग्ण, कुटुंब, डॉक्टर, रुग्णालय किंवा व्यवस्था यांपैकी कुठेतरी एखादा शक्य कोटीतला बदल झाला असता तर मृत्यू टळण्याची काही तरी शक्यता होती, एवढाच. या मापाने अमेरिकेतील ३६ राज्यांच्या समित्यांनी २०१७ ते २०१९ मधील एक हजाराहून अधिक मृत्यू तपासले तेव्हा ८० टक्क्यांपेक्षा जास्त मृत्यू टाळता येण्याजोगे निघाले. निम्म्याहून अधिक मृत्यू बाळंतपणानंतरच्या सात दिवसांनंतर ते वर्षभराच्या काळात झाले होते, म्हणजे बाई घरी गेल्यावर. समित्या नसत्या तर हे कळलेच नसते, कारण सगळ्यांचे लक्ष प्रसूतिकक्षावर.

हे काम सर्वांत जुन्या शिस्तीने चालते ते ब्रिटनमध्ये. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते, आणि ती आजवर खंड न पडता सुरू आहे. तिथली पद्धत साधी, पण विचारपूर्वक ठरवलेली आहे. कागद तज्ज्ञांपुढे येण्याआधी त्यावरचे स्त्रीचे, डॉक्टरचे, रुग्णालयाचे नाव खोडले जाते. अहवाल तयार झाला की मूळ कागद नष्ट करण्याची प्रथा होती, म्हणजे उद्या कोणी वकील ते मागायला आला तरी द्यायला काही उरू नये. मात्र निष्कर्ष पूर्ण, सविस्तर आणि ठरलेल्या वेळी छापले जातात, सरकारला आवडोत न आवडोत. सध्या ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या नेतृत्वाखाली हे काम चालते. आरोग्यमंत्र्यांच्या कचेरीतून नव्हे.

त्याचा फायदा काय झाला, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. बाळंतपणानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, ती सरकून फुफ्फुसात अडकते आणि काल-परवापर्यंत धडधाकट असलेली बाई अचानक कोसळते. चौकशीच्या लागोपाठच्या अहवालांनी दाखवून दिले की हे ब्रिटनमधील मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे, आणि लठ्ठपणा, जास्त वय, सिझेरियन अशा खुणांवरून धोका आधीच ओळखता येतो. त्यावरून रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने कोणाला द्यायची याचे नियम झाले. २००३ ते २००५ या तीन वर्षांत या कारणाने ४१ स्त्रिया दगावल्या होत्या. २००६ ते २००८ मध्ये १८. एकाही डॉक्टरला निलंबित न करता.

यात गोपनीयता आणि पारदर्शकता एकमेकींच्या विरोधात नाहीत. माणसाचे नाव झाकायचे आणि व्यवस्थेची चूक उघडी करायची, अशी ही वाटणी आहे. जॉर्जियात झाले ते याच्या उलट. गोपनीयतेचा नियम आहे तो रुग्ण आणि डॉक्टरांसाठी. त्याच्या आडोशाला धोरण जाऊन बसले. बातमी आली नसती तर त्या दोन मृत्यूंचे धडे दोन-तीन वर्षांनी एखाद्या तक्त्यातील आकड्यात विरघळून गेले असते.

भारतात या प्रश्नाला धार वेगळी आहे, पण प्रश्न तोच आहे. केंद्र सरकारने २०१० मध्ये मातामृत्यू आढाव्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१७ मध्ये त्या सुधारून अधिक कडक केल्या. महाराष्ट्रात याला ‘माता मृत्यू अन्वेषण’ म्हणतात. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांत झालेल्या मृत्यूची खबर आशा कार्यकर्ती देते, रुग्णालयात मृत्यू झाल्यास २४ तासांत कळवायचे असते. घरी जाऊन नातेवाइकांना विचारून काय घडले याची सविस्तर नोंद होते. जिल्ह्याची समिती प्रकरणे तपासते, काही प्रकरणांत जिल्हाधिकारी नातेवाइकांना बोलावून त्यांचे ऐकून घेतात. मंत्रालय पातळीवरही समिती असते. ‘नाव नाही, दोष नाही’ हे तत्त्व सूचनांत स्पष्ट लिहिले आहे. बालमृत्यूंसाठी २०१४ पासून अशाच वेगळ्या सूचना आहेत.

कागदावर ही व्यवस्था अनेक श्रीमंत देशांपेक्षा चांगली आहे. मृत बाईच्या सासूला किंवा भावाला जिल्हाधिकाऱ्यासमोर बसवून ‘काय झाले ते सांगा’ म्हणणारी पद्धत फार थोड्या देशांत असेल. पण साखळी पाहा. मृत्यू झाला तो सरकारी रुग्णालयात. खबर देणारा तिथलाच वैद्यकीय अधिकारी. तपासणारा त्याचा जिल्ह्यातील वरिष्ठ. आणि निष्कर्ष जातो त्या वरिष्ठाच्याही वरिष्ठाकडे, ज्याच्या सहीअभावी भूलतज्ज्ञाचे पद दोन वर्षे रिकामे राहिलेले असते. पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकाच घरातला. अशा वेळी ‘उशिरा आली’, ‘नातेवाइकांनी संमती द्यायला वेळ लावला’, ‘गोळ्या घेतल्या नाहीत’ ही कारणे लिहिणे सोपे जाते. ती अनेकदा खरीही असतात. पण तीन उशिरांपैकी पहिल्याच उशिरावर बोट ठेवून थांबले की उरलेले दोन कोणालाच विचारावे लागत नाहीत.

आणि दोष न देण्याचे तत्त्व किती टिकते, तर पहिली मोठी बातमी येईपर्यंत. जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर वैद्यकीय महाविद्यालयात सिझेरियननंतर एक बाळंतीण दगावली, आणखी काही जणी गंभीर झाल्या. सलाइनच्या दर्जाबद्दल संशय होता, वरिष्ठ डॉक्टर जागेवर नव्हते असा आरोप होता. सरकारने एका फटक्यात १२ डॉक्टर निलंबित केले. त्यांत पदव्युत्तर शिक्षण घेणारे सहा विद्यार्थी डॉक्टर होते. हलगर्जीपणा झाला असेल तर शिक्षा व्हायलाच हवी, पण ती स्वतंत्र कायदेशीर चौकशीनंतर. आढाव्याची खोली आणि आरोपीचा पिंजरा एकच झाला की त्या खोलीत पुन्हा कोणी खरे बोलत नाही. पुढच्या मृत्यूच्या केसपेपरवरील वेळा नीटनेटक्या, एकमेकींशी जुळणाऱ्या असतील. तपासणाऱ्याला त्यातून काहीही कळणार नाही.

शेजारच्या कर्नाटकाने त्याच सुमारास थोडी वेगळी वाट घेतली, ती लक्षात घेण्याजोगी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या जिल्हा रुग्णालयात सिझेरियन झालेल्या पाच स्त्रिया एकामागून एक दगावल्या. संशय रिंगर लॅक्टेट या नेहमीच्या सलाइनवर गेला. त्याच कंपनीच्या काही बॅचेस राज्याच्या प्रयोगशाळेत आधी नापास झाल्या होत्या, तर केंद्रीय प्रयोगशाळेने त्यांतील काही योग्य ठरवल्या होत्या. तिथेही निलंबन झाले, राजकारण झाले. पण पुढे सरकारने केवळ त्या पाच मृत्यूंवर न थांबता एप्रिल ते डिसेंबर २०२४ या काळातील राज्यभरातील सर्व ४६४ मातामृत्यूंचा तज्ज्ञांकडून आढावा घेतला. त्यांतील ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू टाळता आले असते, हा निष्कर्ष आरोग्यमंत्र्यांनी स्वतः जाहीर केला. स्वतःच्या खात्याच्या विरोधात जाणारा आकडा मंत्र्याने पत्रकारांसमोर वाचून दाखवणे, हे आपल्याकडे रोज घडत नाही. दक्षिणेकडील राज्यांत कर्नाटकाचा मातामृत्यूदर सर्वाधिक होता, एक लाख जिवंत जन्मांमागे ६९ (२०१८-२०). तो का, याचे उत्तर निदान शोधायला घेतले गेले.

पण देशात या बाबतीत जुना अनुभव आहे तो केरळकडे. तिथे २००४ पासून मातामृत्यूंची गोपनीय चौकशी होते, ब्रिटनच्या धर्तीवर. वैशिष्ट्य असे की ती चालवते स्त्रीरोगतज्ज्ञांची राज्य संघटना. सरकारने तिला अधिकार दिला, कागद मिळतील असा आदेश काढला आणि स्वतः बाजूला उभे राहिले. सरकारी व खासगी दोन्ही रुग्णालये आपापले कागद नावे खोडून पाठवतात. आलेले निष्कर्ष पुस्तकरूपाने छापले जातात, डॉक्टरांच्या प्रशिक्षणात वापरले जातात. रक्तस्राव हे मोठे कारण आहे हे दिसल्यावर तो थांबवण्याच्या साध्या क्रमबद्ध कृती प्रसूतिगृहांत शिकवल्या गेल्या. २००४-०६ मध्ये केरळचा मातामृत्यूदर ९५ होता, २०१८-२० मध्ये १९. हे श्रेय एकट्या चौकशीला देणे चुकीचे ठरेल. केरळमध्ये शिक्षण, रस्ते, दवाखाने सारेच इतरांपेक्षा बरे आहे. पण मुळात कमी असलेला दर आणखी खाली आणणे अवघड असते, आणि तिथे ‘नेमके काय चुकले’ हे कळण्याला मोल येते.

महाराष्ट्राचा दर याच काळात १३० वरून ३३ वर आला. देशात केरळनंतरचा हा सर्वांत कमी दर होता. हे यश लहान नाही. पण सरासरी हा आकडा फसवा असतो. पुणे-मुंबईची सरासरी मेळघाट आणि नंदुरबारच्या पाड्यांना झाकून टाकते. या राज्याला मृत्यू मोजण्याचा धडा सरकारबाहेरच्या माणसांनी दिला, हेही विसरता येत नाही. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि राज्यातील स्वयंसेवी संस्थांच्या गटाने ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला आणि गावोगाव प्रत्यक्ष मोजलेले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखवले. त्या वेळी गदारोळ झाला, पण त्याच डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने पुढे बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. टीकाकारालाच तपासायला बसवण्याचे ते एक दुर्मीळ उदाहरण. मेळघाटातील मृत्यूंवर त्यानंतर देखरेख आली ती मुंबई उच्च न्यायालयाकडून. २००७ पासूनची जनहित याचिका अजून संपलेली नाही. न्यायालय दर काही महिन्यांनी विचारते, किती दगावले, डॉक्टर का नाहीत. खात्याच्या समितीने दरमहा विचारायचे प्रश्न न्यायमूर्तींना विचारावे लागतात, इथेच काहीतरी चुकले आहे.

शहरातले चित्र पुण्याने मार्च-एप्रिल २०२५ मध्ये दाखवले. जुळी बाळे पोटात असलेल्या स्त्रीला एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने आधी दहा लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप झाला. दुसरीकडे बाळंतपण झाले, नंतर ती गेली. त्यानंतर आरोग्य विभागाची, धर्मादाय आयुक्तांच्या पातळीवरची आणि माता मृत्यू अन्वेषणाची अशा वेगवेगळ्या चौकशा एकाच वेळी सुरू झाल्या. लोकांच्या दृष्टीने त्या सगळ्या एकच होत्या : दोषी कोण ते सांगा. या गदारोळात रुग्णालयाच्या अंतर्गत अहवालातून त्या मृत स्त्रीच्या पूर्वीच्या उपचारांची अत्यंत खासगी माहिती जगजाहीर झाली. म्हणजे जे झाकायचे ते उघडे पडले. आणि जे उघडे व्हायला हवे, उदाहरणार्थ जोखमीच्या गरोदर स्त्रीला पैशांवरून परत पाठवण्याचे प्रकार शहरात किती आणि कुठे होतात, त्याची चर्चा दोन आठवड्यांत मागे पडली. अनामत रक्कम घेण्यावर बंदीचे आदेश निघाले, हा एक परिणाम. पण तो आढाव्यातून नव्हे, आंदोलनातून निघाला.

मग राज्याने या समित्यांवर देखरेख ठेवूच नये का? ठेवलीच पाहिजे. समितीला मोकळे सोडले तर ती सहा महिने बैठकच घेत नाही, याचा अनुभव कोणत्याही जिल्ह्यात मिळेल. फक्त देखरेख कशावर, हे ठरवायला हवे. अंदाजाने जितके मृत्यू व्हायला हवेत त्यापेक्षा एखाद्या जिल्ह्याने फारच कमी कळवले असतील, तर तो जिल्हा उत्तम आहे की मृत्यू लपवत आहे, हे राज्याने पाहायचे. बैठक झाली का, त्यात खात्याबाहेरचे कोणी होते का, घरच्यांना बोलावले होते का, हे पाहायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागच्या वर्षीच्या शिफारशींचे काय झाले. समितीने ‘रक्तसाठवण केंद्र सुरू करावे’ असे सलग तीन वर्षे लिहिले असेल आणि पुढच्या रकान्यात तीन वर्षे ‘कार्यवाही सुरू आहे’ असेच लिहिलेले असेल, तर तिथे जाब समितीला विचारायचा नसतो. तो रकाना नागरिकांना दिसला पाहिजे. आज आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षी किती बाळंतिणी गेल्या आणि त्यातून समितीने काय शिफारस केली, हे एखाद्या सामान्य वाचकाने शोधायचे ठरवले तर ते सहज सापडत नाही. नावे नकोत, पण शिफारशी छापायला कोणत्या गोपनीयतेची आडकाठी आहे?

समिती कोण नेमते आणि कोण काढू शकते, हा प्रश्न जॉर्जियाने जगापुढे ठेवला आहे. सदस्यांना ठरावीक मुदत द्यावी, मुदतीआधी काढायचे तर लेखी कारण द्यावे, अहवालाची तारीख कायद्यातच लिहावी, म्हणजे निवडणूक पाहून ती सरकवता येणार नाही. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. मार्गदर्शक सूचना आणि कायदा यांत फरक हाच, की सूचना एका परिपत्रकाने बदलता येते.

मातामृत्यू जसजसे कमी होतील तसतसे प्रत्येक जिल्ह्यात तपासायला मोजकीच प्रकरणे उरतील. त्यासाठी केंद्राने २०१४ मध्येच आणखी एक सूचना काढून ठेवली आहे : मरणाच्या दारातून परत आलेल्या बाळंतिणींचाही आढावा घ्यायचा, सुरुवात वैद्यकीय महाविद्यालयांपासून. हा आढावा अनेक अर्थांनी सोपा आहे. डॉक्टरला भीती कमी, कारण रुग्ण वाचला आहे. आणि गाडी किती वाजता आली, दारात किती वेळ बसवले, पैसे कोणी मागितले, रक्त कुठून आणायला सांगितले, हे सांगायला ती बाई स्वतः समोर असते.